लिहिणं मंदावलं, वाचणं पूर्वीसारखंच? आधी कार्डाची बॅटरी पाहा

प्रश्न : आमच्या स्टोरेज सर्व्हरमध्ये ७२०० आरपीएमच्या ८ डिस्क एका रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) रेड-६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी) आहेत, स्ट्राइप, म्हणजे एकेका डिस्कवर जाणारा तुकडा, २५६ केबी. तीन वर्षं काही तक्रार नव्हती. महिनाभरापासून लिहिण्याचा वेग एकदम पडला आहे. रात्रीचा बॅकअप पूर्वी पहाटेआधी उरकायचा, आता कामकाज सुरू झालं तरी चालूच असतो. आयओस्टॅटमध्ये (डिस्कचा वेग दाखवणारा प्रोग्राम) लिहिण्याचा वेग सेकंदाला १२ एमबीच्या आसपास दिसतो आणि प्रत्येक लेखनाला १८० मिलिसेकंद लागतात. बॅकअप थांबल्यावर मोठी फाइल वाचून पाहिली, तर वाचण्याचा वेग पूर्वीइतकाच आहे. सगळ्या डिस्कचे दिवे हिरवे आहेत. डिस्क जुन्या झाल्या, सगळ्या बदला, असा सल्ला मिळतो आहे. बदलाव्यात का?

उत्तर : नका बदलू, निदान एवढ्यात तरी नको. तुमच्या पत्रातल्या ‘वाचण्याचा वेग पूर्वीइतकाच’ या शब्दांखाली मी आधी रेघ मारली. डिस्क थकली असती, केबल सैल असती किंवा कार्डाचा स्लॉट बिनसला असता, तर वाचतानाही ते जाणवलं असतं. वाचणं ठणठणीत आणि लिहिणं गळाठलेलं, असं दिसलं की माझा पहिला संशय कार्डावरच्या राइट कॅशवर, म्हणजे लिहायचा डेटा आधी ठेवून घेणाऱ्या मेमरीवर जातो. तुमचा १२ एमबीचा आकडाही तेच सांगतो. हिशेब मांडून दाखवते.

७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी ८.३ मिलिसेकंदांत एक फेरी घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं. त्यात डोकं योग्य मार्गावर सरकायचे साधारण ८ धरा. एका विखुरलेल्या कामाला १२ मिलिसेकंद झाले, म्हणजे एक डिस्क सेकंदाला जेमतेम ८० कामं करते. आठ डिस्कची मिळून ६४०. आता रेड-६ मध्ये एक छोटा तुकडा लिहायचा तर जुना डेटा वाचायचा, दोन्ही पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत काढायला ठेवलेले हिशेब) वाचायच्या, नवा हिशेब करायचा आणि तिन्ही परत लिहायचे. एका लेखनाला डिस्कवरची सहा कामं. ६४० भागिले ६ म्हणजे सेकंदाला सुमारे १०६ लेखनं. बॅकअपचा प्रोग्राम १२८ केबीच्या तुकड्यांनी लिहीत असेल, तर वेग येतो सेकंदाला १३ एमबीच्या आसपास. तुम्ही १२ कळवलाय. तुमच्या डिस्क अगदी ठरल्याप्रमाणे काम करताहेत, फक्त कॅशचा आधार नसताना.

कॅश चालू असते तेव्हा कार्ड तुकडा आपल्या मेमरीत घेतं, सर्व्हरला लगेच ‘झालं’ असं कळवतं आणि शेजारशेजारचे तुकडे जमू देतं. तुमच्या मांडणीत ६ डिस्कवर डेटा आणि २ डिस्कइतकी जागा पॅरिटीला आहे. म्हणजे ६ गुणिले २५६, दीड एमबी जमला की पूर्ण पट्टा (सगळ्या डिस्कवरून जाणारी एक ओळ) भरतो. पूर्ण पट्टा लिहिताना जुनं काही वाचावं लागत नाही, आठ लेखनांत सगळं आटोपतं. कॅशमुळे उत्तर लवकर मिळतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण डिस्कवरचं मूळ काम किती कमी होतं तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. बॅकअपसारख्या सलग लेखनात खरा फायदा तिथेच आहे.

मग कॅश बंद कोणी केली? बहुधा कार्डानेच केली, आणि बरोबर केलं. ‘झालं’ म्हणून कळवलेला डेटा अजून मेमरीतच असतो. वीज गेली तर तो जपायला कार्डाला बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर जोडलेला असतो. ही लिथियम बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी क्षीण होते. तिच्यावर भरवसा उरला नाही की कार्ड राइट-बॅक (आधी ‘झालं’ कळवून मग लिहिण्याची वरची पद्धत) सोडून राइट-थ्रूवर जातं, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. डिस्कवरच्या दिव्यांना बॅटरीची खबर नसते, म्हणून ते हिरवेच राहतात. तुमच्या सर्व्हरला तीन वर्षं झाली आहेत, वयही जुळतंय.

खात्री करणं सोपं आहे. कार्डासोबतचा कमांडवरचा प्रोग्राम चालवा. कार्डानुसार तो मेगासीएलआय, स्टोरसीएलआय, पर्कसीएलआय किंवा एसएसएसीएलआय असेल. मेगासीएलआयने व्हर्च्युअल डिस्कची (कार्डाने सगळ्या डिस्क मिळून सर्व्हरला दाखवलेली एक डिस्क) माहिती मागितली की एकाखाली एक दोन ओळी दिसतात : ‘डिफॉल्ट कॅश पॉलिसी’ आणि ‘करंट कॅश पॉलिसी’. वरच्या ओळीत राइट-बॅक आणि खालच्या ओळीत राइट-थ्रू असेल, तर तुम्ही ठरवलेलं एक आणि प्रत्यक्षात चाललेलं दुसरं, हे तिथेच उघड होतं. सेटिंगचं पान पाहणारे अनेकदा वरची ओळ वाचून समाधानाने उठतात. खालची वाचा. स्टोरसीएलआयमध्ये कॅशच्या रकान्यात ‘डब्ल्यूबी’ आहे की ‘डब्ल्यूटी’ ते पाहा. त्यानंतर बॅटरीची स्थिती मागवा. ‘बॅटरी रिप्लेसमेंट रिक्वायर्ड’ पुढे ‘येस’ आलं, तर शोध संपला.

बॅटरी धडधाकट दिसली, तर लर्न सायकल चालू आहे का ते बघा. बॅटरीची खरी क्षमता मोजायला कार्ड तिला ठरावीक काळाने पूर्ण उतरवून पुन्हा भरतं. काही कार्डांत हे ३० दिवसांनी होतं, काहींत ९० दिवसांनी. तेवढे तास अनेक कार्डं राइट-थ्रूवर राहतात. तुमचा त्रास मात्र महिनाभर रोजचा आहे, त्यामुळे हे कारण मला फारसं पटत नाही.

आता कळकळीने एक सांगते. त्याच प्रोग्राममध्ये बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालू ठेवायची सोय असते. ती दिली की वेग क्षणात परत येतो, आणि ‘बघा, सुटलं’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. तसं करू नका. वीज गेली तर फाइल सिस्टिमने सुरक्षित मानलेली लेखनं नाहीशी होतात, आणि त्यात जर्नलच्या (फाइल सिस्टिमच्या बदलांची वही) नोंदीही असतात. एखादी फाइल अर्धवट राहिली तर निभावतं, पण सगळी फाइल सिस्टिमच विस्कटली तर निस्तरणं कठीण. ‘आमच्याकडे यूपीएस आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला, मदरबोर्ड बिघडला किंवा कुणाच्या हातून वायर निघाली, तर यूपीएस काही करू शकत नाही. ज्या सर्व्हरवर सगळ्यांचे बॅकअप ठेवलेत, त्यावर हा धोका पत्करायचा नाही.

कार्डाच्या मॉडेलला चालणारी बॅटरी मागवा. बदलताना सर्व्हर रीतसर बंद करा, म्हणजे कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरेल. नवी बॅटरी बसवल्यावर वेग लगेच आला नाही तर घाबरू नका. ती भरेपर्यंत काही तास कार्ड राइट-थ्रूवरच राहतं आणि नंतर आपणहून परततं. तोवर बॅकअपच्या प्रोग्राममध्ये लेखनाचा तुकडा १ एमबी किंवा त्याहून मोठा करता येत असेल तर करा. पॅट्रोल रीड (डिस्कची तपासणी) आणि कन्सिस्टन्सी चेक (पॅरिटीचा ताळा) बॅकअपच्या वेळेतून हलवा.

वेग मोजताना डीडी (डेटा कॉपी करणारी कमांड) नुसताच चालवू नका. तो सर्व्हरच्या मेमरीचा वेग दाखवतो आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो. एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) घ्या, डायरेक्टचा पर्याय १ ठेवा म्हणजे सर्व्हरची मेमरी मध्ये येणार नाही, आणि चाचणी वेगळ्या फाइलवरच करा. डिस्कच्या नावावर थेट लेखनाची चाचणी चालवलीत तर आतला डेटा पुसला जाईल.

करंट पॉलिसीही राइट-बॅकच निघाली, तर माझा अंदाज चुकीचा. मग प्रत्येक डिस्कचे मीडिया एररचे (तबकडीवर वाचता-लिहिताना आलेल्या चुकांचे) आकडे एकेक करून पाहा. अॅरेमधलं (एकत्र जोडलेल्या डिस्कमधलं) काम सगळ्यात संथ डिस्क उरकेल तेव्हाच उरकतं. दिवा हिरवा ठेवून खराब सेक्टरशी झगडणारी एक डिस्क बाकीच्या सातांना अडवू शकते.

प्रश्न : झेडएफएस या फाइल सिस्टिमसाठी रेड कार्डावर प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड-० (पॅरिटी नसलेली मांडणी) करून दिला आहे. वेग कधी चांगला, कधी फार वाईट. स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहितीही नीट दिसत नाही. काय करावं?

उत्तर : ही मांडणी मोडा. झेडएफएस स्वतःच पॅरिटी, चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) आणि लेखनाचा क्रम सांभाळतं. त्यासाठी त्याला डिस्क थेट दिसायला हव्यात. मध्ये कार्डाची कॅश असली की डेटा प्रत्यक्ष कधी उतरला हे त्याला कळत नाही, आणि ती कॅश भरली की वेग कोसळतो. साधं एचबीए (रेड न करता डिस्क फक्त जोडणारं कार्ड) लावा, किंवा तुमच्या कार्डाला आयटी मोडचं (तसंच चालवणारं) फर्मवेअर किंवा एचबीए मोड असेल तर तो वापरा. मात्र रेड कार्डं डिस्कवर स्वतःच्या नोंदी लिहून ठेवतात, त्यामुळे मोड बदलल्यावर जुना पूल (झेडएफएसने एकत्र केलेला डिस्कचा साठा) दिसेलच असं गृहीत धरू नका. पूर्ण बॅकअप घ्या, तो एकदा उघडून तपासा, मगच हात लावा.

प्रश्न : २४ डिस्कच्या सर्व्हरला नवं ८ लेनचं (डेटा जायच्या आठ वाटांचं) कार्ड लावलं. कितीही डिस्क एकदम वाचल्या तरी एकूण वेग सेकंदाला ८०० एमबीच्या वर जात नाही. कार्ड सदोष आहे का?

उत्तर : कार्ड परत करण्याआधी स्लॉट तपासा. डिस्क वाढवूनही वेग एका आकड्यावर अडतो, तेव्हा अडचण बहुधा डिस्कच्या अलीकडे असते. पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटचा प्रकार) च्या एका लेनमधून कागदावर सेकंदाला ९८५ एमबी जातात, प्रत्यक्षात ८०० ते ८५० हाती लागतात. तुमचा आकडा तिथेच येऊन थांबलाय. काही मदरबोर्डवर १६ लेनच्या लांबीचा स्लॉट असतो, पण जोडणी चारच्या किंवा एकाच लेनची असते. एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची माहिती देणारी कमांड) रूट म्हणून ‘व्हीव्ही’ पर्यायासह चालवा आणि कार्डाच्या नोंदीत ‘LnkCap’ (कार्डाची क्षमता) आणि ‘LnkSta’ (प्रत्यक्ष जोडणी) यांची रुंदी ताडून पाहा. पहिलीत ८ आणि दुसरीत १ असेल, तर सर्व्हर बंद करून कार्ड काढा, संपर्कपट्टी कोरडी पुसा, पक्कं बसवा. तरीही १ च राहिला, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत कुठला स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलाय ते शोधून कार्ड तिथे हलवा. एम.२ ची (छोट्या एसएसडीची) जागा भरली की शेजारच्या स्लॉटच्या लेन कमी होतात का, तेही त्याच पानावर सापडेल. दोन्हीकडे ८ दिसूनही वेग अडलेला राहिला, तर डिस्कचा बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड) कार्डाला किती केबलांनी जोडलाय हे कळवा. पुढच्या अंकात तिथून पुढे जाऊ.