सामूहिक वनाच्या समितीचं बिनपगारी अध्यक्षपद घ्यावं का? घेतलं तर नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या बाजारगावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळालाय, आता व्यवस्थापन समिती बसवायची आहे आणि किराणा दुकान सांभाळून तुम्हीच अध्यक्ष व्हा म्हणून लोक मागे लागलेत. पगार नाही, मानधन नाही. निभेल का, असं विचारताय.

मी कुरखेडा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) एका गावात सहा वर्षं हे काम केलं. घरी धानाची शेती आहे, दुपारी मशीनवर कपडे शिवते. माझं उत्तर आहे, घ्या. फक्त पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती तुम्ही करू नका, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला वाटलं होतं, अध्यक्ष म्हणजे जंगलाचा राखणदार. रोज पहाटे उठायचं, आमच्या नाल्यापासून वरच्या टेकडीपर्यंत फिरून यायचं, कुणी ओला बांबू तोडताना दिसला तर समजावायचं. गाव खूश होतं. हळूहळू लोक ‘ताईंचं जंगल’ म्हणायला लागले, आणि मला त्याचा आनंदच व्हायचा. मग पावसाळ्यात मला मलेरिया झाला. दोन आठवडे अंथरुणावर होते. त्या दोन आठवड्यांत एकही माणूस गस्तीला गेला नाही. बरी होऊन गेले तर नाल्याकाठच्या बांबूच्या बेटांमधले वास्ते (कोवळे कोंब) खुडून नेलेले आणि कोवळे बांबू मधूनच छाटलेले. मानवेलाचं, म्हणजे आमच्याकडच्या बांबूचं, पुढच्या वर्षांचं सगळं पीक त्या कोवळ्या बांबूंवर असतं, म्हणून ते बघून मला रडू आलं. पण राग कुणावर काढणार? जंगल माझं आहे असं गावाला मीच शिकवलं होतं.

तेव्हापासून गस्तीची पाळी लावली. रोज चार घरं, घरामागे एक माणूस. यादी समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहायची. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घराला सूट, पाळी चुकली तर पुढच्या आठवड्यात दोन पाळ्या. हे सगळं ग्रामसभेत ठरलं, मी फक्त खडू आणून दिला. माझी पाळीही इतरांसारखीच महिन्यातून एकदा यायची. पहिले काही महिने रखडत चाललं. मग तरुण पोरांनी गस्तीच्या वहीत काय दिसलं ते लिहायला सुरुवात केली, अस्वलाची विष्ठा, मधाचं पोळं, कुठे आग लागली होती, आणि त्या वहीची गोडी लागली. आमच्या जंगलात काय काय आहे हे मला स्वतःला त्या वहीतून कळलं.

आता कायद्याचं थोडं, कारण इथे बरेच जण घोळ करतात. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यात २०१२ मध्ये मोठी सुधारणा झाली. दाव्याच्या वेळी तुम्ही जी वनहक्क समिती केली, १० ते १५ जणांची, तिचं काम दावे तपासण्याचं. तुम्ही आता करणार आहात ती समिती वेगळी, नियम ४(१)(ङ) खालची, जंगलाच्या राखणीसाठी आणि व्यवस्थापनासाठी. ती ग्रामसभेने आपल्यातूनच निवडायची असते आणि ती ग्रामसभेच्या ताब्यात असते. समितीने आराखडा करायचा, मंजूर ग्रामसभेने करायचा. म्हणजे अध्यक्षाला स्वतःहून एक झाडसुद्धा कुणाला देता येत नाही. कुणी आग्रह करायला आलं की मी हेच सांगायचे आणि त्या वाक्याने मला फार वाचवलं. वनखात्यासोबत चालणाऱ्या जुन्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांची सवय असलेली माणसं ‘साहेबांना विचारून सांगा’ म्हणतील. वनरक्षकाशी संबंध चांगलेच ठेवा. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेली पट्टी) कुठून काढावी, कुठली आग वाऱ्यासोबत कुठे वळेल, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. पण निर्णयाची जागा ग्रामसभा आहे, हे तुमच्या स्वतःच्या मनात पक्कं असलं पाहिजे.

तुमचं गाव बाजाराचं आहे, म्हणजे दुकानदार, नोकरदार, जंगलात वर्षातून एकदाही न जाणारी घरं खूप असणार. तुमची खरी अडचण इथे येईल असं मला वाटतं. सगळ्या गावाची एक सभा बोलावली तर बोलके लोक बोलतील आणि जी बाई रोज सरपणाला जाते ती मागे बसून राहील. आम्ही आधी टोल्याटोल्यावर, म्हणजे एकेका वस्तीत, बसायचो. रात्री जेवणं झाल्यावर, आठ-साडेआठला, कुणाच्या तरी अंगणात. तिथे ठरलेलं मोठ्या सभेत आणायचं. दिवसा सभा ठेवलीत तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया येणारच नाहीत, आणि नियमानुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यात किमान एक तृतीयांश बाया. हा आकडा कागदावर सह्या घेऊन पुरा करू नका. एकदा तसं केलंत की सभेला येण्याची गरज नाही हे लोकांना कळतं, आणि मग ती सवय मोडत नाही.

जमलं तर दहा-बारा जणांना घेऊन धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला जाऊन या. देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक, २००९ मध्ये, सुमारे १८०० हेक्टरवर. आणि हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन परवान्याचं पुस्तक देऊन गेले. त्या गावाच्या कामातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण तिथे जाऊन बघायची गोष्ट आहे ती त्यांची सभा. बहुमताने ठरवत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा घेतात आणि अवघड विषयावर आधी अभ्यासगट बसतो. आम्हाला सुरुवातीला हे वेळखाऊ वाटलं. नंतर कळलं की हात वर करून हरलेली माणसं रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावलाही जा. त्यांना २०१२ मध्ये १००६ हेक्टर मिळालं, आणि त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण पत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातचं उत्पन्न सोडून बांबूवर भर द्यायचा, हे कुठल्याही अध्यक्षाला एकट्याने ठरवता आलं नसतं. आमच्या गावाने पत्ता तोडणं चालू ठेवलं, मे महिन्यातल्या त्या पंधरा दिवसांच्या पैशावर बरीच घरं पावसाळा काढतात. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात.

शेजारच्या गावाचं सांगते, कारण हे तुमच्याकडेही होईल. त्यांच्या कितीतरी पिढ्या आमच्या हद्दीतून सरपण आणि आळिंबी नेत आल्या होत्या. आम्ही हक्कपत्र हातात आल्याच्या उत्साहात त्यांच्या चार बायांना अडवून दंड केला. पावती दिली, सगळं रीतसर. पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूने तीन वेळा वणवा आला आणि विझवायला त्यांच्यातलं कुणीही आलं नाही. आग कुणी लावली हे कधी कळलं नाही, मी कुणाचं नावही घेत नाही. शेवटी आमचे दोन म्हातारे आणि त्यांचे दोन म्हातारे अशी चौघांनी मिळून शीव चालून पाहिली, जुने दगड, जुनी मोहाची झाडं दाखवत. मग दोन्ही ग्रामसभांनी ठराव केला. वाळलेलं सरपण, आळिंबी, भाजीपाला त्यांनी न्यावा, बांबूला हात लावू नये, आणि त्या बाजूची आग त्यांनी आधी विझवावी. दंडाचे पैसे आम्ही परत केले. ते परत करताना आमच्याकडच्या काहींना फार वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्या बाजूने मोठा वणवा पुन्हा आला नाही.

पैशाबद्दल मोकळेपणाने लिहिते. जोवर गस्त आणि सभा एवढंच असतं तोवर सगळे अध्यक्षाचे मित्र असतात. बांबू विकला जातो त्या दिवसापासून गाव बदलतं. आमच्या पहिल्या विक्रीत व्यापाऱ्याने माल उचलला आणि शेवटचा हप्ता पाच महिने अडकवला. आम्ही लेखी करारनामा केला नव्हता, त्यामुळे चूक आमचीच. त्या पाच महिन्यांत गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षीपासून स्टॅम्प पेपरवर करार, आगाऊ रक्कम, आणि पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय शेवटची गाडी डेपोतून हलवायची नाही, असं ठरलं. बांबूचे नग मोजायला दर वेळी वेगळी चार माणसं, त्यात दोन बाया. बँकेच्या खात्यावर सह्या दोघांच्या. ग्रामसभेच्या नावाचं पॅन कार्ड, जीएसटीचे कागद ही कामं कंटाळवाणी आहेत, पण विक्रीच्या आधी करून घ्या. तुम्ही दुकानदार आहात, वही लिहिण्याची सवय आहे, इथे तुम्ही आमच्यापेक्षा पुढेच राहाल.

आणि दर महिन्याला पासबुक सभेत मोठ्याने वाचा. रक्कम, तारीख, कुणाला दिले, कशासाठी. कुणी ऐकत नाहीये असं वाटलं तरी वाचा. आमच्याकडे एका आजींना अक्षर येत नाही, पण मागच्या महिन्याची शिल्लक त्यांना तोंडपाठ असायची आणि एकदा माझी बेरीज चुकली ती त्यांनीच पकडली.

त्याच आजींनी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर दिलंय. पहिली दोन वर्षं मी तालुक्याला, जिल्ह्याला जायचे ते पदरच्या पैशाने. एसटीचं भाडं, झेरॉक्स, शिवणाची बुडालेली मजुरी. मागायची लाज वाटायची, आपण सेवा करतोय ना. आजींना हे कळलं तेव्हा भर सभेत म्हणाल्या, ‘खर्च हिच्या पदरचा, तर मग आम्ही हिला जाब कसा विचारायचा?’ सगळे गप्प झाले. त्या रात्री ठराव झाला की अध्यक्ष-सचिवांना मानधन नाही, पण गावाच्या कामाला गेलेल्या दिवसाचं भाडं आणि रोजगार हमीच्या दराने एका दिवसाची मजुरी ग्रामसभेच्या खात्यातून मिळेल, पावती लावून. तो ठराव झाल्यावर मला सभेत जास्त प्रश्न विचारले जाऊ लागले, काही चांगलेच टोचणारे. आधी झोप उडायची. पण कामात नीटपणा आला तो त्या प्रश्नांमुळे. म्हणून पगार नसला तरी चालेल, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. न घेणारा माणूस एक तर थकून सोडतो, नाहीतर गावाला आपलं ऋणी समजायला लागतो.

मुदतही आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे तीन वर्षांची होती, मी दोनदा राहिले. दुसऱ्यांदा राहायला नको होतं असं आता वाटतं, कारण मोहफुलांच्या आगीचा प्रश्न मी तसाच सोडून आले. मार्चमध्ये मोह गळायला लागला की फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तीच आग जंगलात शिरते. मी बंदी आणि दंड ठरावात आणला होता. कुणी पाळली नाही, कारण म्हाताऱ्या बाया दहा-बारा झाडांखाली झाडू मारणार कशा? माझ्यानंतर अध्यक्ष झालेल्या पोराने दंड काढूनच टाकला. फेब्रुवारीच्या शेवटी गस्तीच्या पाळीतली माणसंच मोहाखालचा पाचोळा गोल झाडून बाजूला करतात, आधी एकट्या बायांच्या झाडांखालचा. मला सहा वर्षं हे सुचलं नाही, आणि खुर्चीत मी असेपर्यंत माझ्या ठरावाविरुद्ध कुणी बोललंही नसतं.

तर पहिल्या सभेच्या ठरावात तुमच्या नावासोबत एवढं लिहून घ्या: मुदत तीन वर्षं, पुन्हा लगेच नाही, प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी पावतीवर, पासबुकाचं वाचन दर महिन्याला, तारीख ठरलेली. यातल्या कशालाही गाव नाही म्हणालं तर पद तेव्हाच घेऊ नका, आणखी दोन सभा होऊ द्या. दुकानाला सुट्टी कुठल्या दिवशी असते ते बघून सभेचा वार ठेवा. आणि जाळरेषेचं काम जानेवारीतच काढा, फेब्रुवारीत उशीर होतो.