बायबलमधला बाँड

नागपूरच्या सदर भागातून एक ताई लिहितात: "धाकट्या भावाने 2012 मध्ये दुकानासाठी साडेतीन लाख नेले. वर्षभरात देतो म्हणाला, एक रुपया आला नाही. मी त्याला ख्रिस्ताच्या नावाने केव्हाच माफ केलं. लिहून दिलेला बाँड अजून बायबलमध्येच आहे, पण मी विषयही काढत नाही. तरी नाताळला येतो, दाराजवळच्या खुर्चीवर टेकतो, संत्र्यांची पिशवी ठेवून दहा मिनिटांत निघतो. माझ्या क्षमेची त्याला काही किंमतच नाही का?"

ताई,

भाऊ, दुकान, संत्री, सगळं राहू द्या. बाँड बायबलमध्ये कशाला आहे हो? घरात कपाट नाही?

मला तर तुमची ती खोली दिसतेच आहे. टेबलावर करंज्यांचं ताट, बाजूला बायबल, आणि पानांमधून डोकावणारा शंभराच्या बाँडचा पिवळा पडलेला कोपरा. त्यावर सही त्याची. तो दाराजवळ बसणार नाही तर कुठे बसेल?

वसुलीसाठी ठेवलाय म्हणाल, तर तेही खरं नाही. 1963 च्या मुदत कायद्यात अशा उसनवारीला तीन वर्षं असतात. 2013 ला पैसे द्यायचे होते, पुढे त्याने ना काही लिहून दिलं, ना काही फेडलं. म्हणजे 2016 लाच तो कागद कोर्टासाठी मेला. सरकारने सोडलं, तुम्ही नाही सोडलं. आता तो कागद एकाच कामाचा उरलाय: आपण किती मोठ्या मनाच्या, हे अधूनमधून उघडून बघायला.

मी तुमच्या धर्माची नाही, पण मिशनच्या शाळेत शिकले. प्रभूची प्रार्थना रोज म्हणायचो. मराठी बायबलमध्ये, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, तिथे शब्द 'ऋण' आहे. ऋण्यांस ऋण सोडले. लहानपणी मला वाटायचं, हे बँकेचं काय मध्येच आलं! पुढे अठराव्या अध्यायात तो चाकर आहे ना, धन्याने त्याचं स्वतःचं मोठं ऋण सोडल्यावरही दुसऱ्याचा गळा धरणारा. त्याचं येणं शंभर दीनार होतं, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. ती रक्कम काही फुटकळ नव्हती. तुमचे साडेतीन लाखही फुटकळ नव्हते, नुसतं गप्प बसून ते सुटत नाहीत. म्हणूनच तुम्ही जे केलंत त्याला 'विषय न काढणं' म्हणतात, सोडणं नाही.

तेव्हा या शनिवारी भावाच्या घरी जा. त्याला बोलावू नका, तुम्ही जा. बाँड त्याच्या हातात द्या. स्वतः फाडू नका, ते नाटक होतं. तो माफी मागेल म्हणून थांबू नका. पाळकांना सांगू नका, रविवारी मंडळीपुढे साक्ष तर मुळीच देऊ नका. चहा दिला तर बसून प्या, आतल्या खोलीत.

आणि हो, निघण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवू नका.