आधी कार्ड दिसतंय का ते बघा

लॅपटॉपवर वायफाय चालत नाही म्हणून लगेच यूएसबी डाँगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय उपकरण) विकत घ्यायला धावू नका. लॅपटॉपमधलं मूळचं वायफाय कार्ड बहुतेक वेळा धडधाकट असतं. फक्त बंद तरी असतं, नाहीतर त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो.

विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर (कॉम्प्युटरच्या भागांची यादी) उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायरलेस किंवा वायफाय असं काही आहे का पाहा. नाव दिसतंय, पण नेटवर्क सापडत नाहीत? मग एअरप्लेन मोड तपासा. पुष्कळ लॅपटॉपवर त्यासाठी कीबोर्डवरच बटण असतं, काही जुन्यांवर तर कडेला सरकवायचा खटका असतो. चुकून बोट लागतं, लक्षात येत नाही, आणि माणूस राउटरला दोष देत बसतो.

यादीत नावाशेजारी पिवळं चिन्ह दिसलं तर बहुधा ड्रायव्हरचा घोळ आहे. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, नेमकं मॉडेल बघून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. नेटच नाही तर उतरवायचा कसा? राउटरला केबल जोडा, किंवा अँड्रॉइड फोन यूएसबीने लावून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या.

फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नसेल, तर कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफाय पट्ट्याचं असू शकतं. त्याला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचं नेटवर्क दिसणारच नाही, राउटरवर २.४ चालू ठेवा.

आणि डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डसोबत आलेले अँटेना मागे बसवलेत ना? ते खोक्यातच राहिलेले असतात, हे फार नेहमीचं आहे.

राउटरचं चॅनेल, कार्डाचं पॉवर सेव्हिंग वगैरे सेटिंग्ज आत्ता राहू द्या. कार्डाचं नाव काय दिसतं तेवढं कळवा, मग पुढचं बघू.