पिग्मीवाले काका बोळात का शिरले?

*प्रिय आक्का,
माझे सासरे पेठेतल्या एका पतसंस्थेचे चेअरमन. २६ दिवसांपूर्वी त्यांना अटक झाली. तेव्हापासून मोबाईलवर आणि पेपरात तोच विषय. वाढदिवसाच्या जाहिरातीतला त्यांचा फेट्यातला फोटो लाल गोल मारून फिरवतात. तालमीतली पोरं दारावरून मान खाली घालून जातात. यंदा हळदी-कुंकवाचं एकही बोलावणं नाही. मुलीला शाळेच्या रिक्षात चिडवतात. रोजची बचत दारोदार गोळा करणारे आमचे पिग्मीवाले काकासुद्धा परवा गंगावेशीत मला बघून बोळात शिरले. ‘एजंटांनी भरणाच केला नाही, आबांना गोवलंय’ असा मेसेज ह्यांनी आणि मित्रांनी सगळ्या ग्रुपवर टाकलाय, तरी लोक ऐकत नाहीत. (लग्नानंतर ३ वर्षं मीही तिथं संध्याकाळी भरणा घ्यायला बसायचे, पण व्यवहारातलं मला काही कळत नाही.) हे म्हणतात, चॅनेलवाल्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावू. मी म्हणते, पुण्याला जाऊ. तुम्ही काय म्हणता?
— एक सून, कोल्हापूर*

पोरी,

पुण्याचं आणि दाव्याचं मागनं बघू. मी त्या बोळापाशीच थांबलेय.

हळदी-कुंकू, तालीम, रिक्षा आणि काका, सगळ्यांना तू एकाच माळेत ओवलंस. आणखी एकानं तोंड फिरवलं, एवढंच तुला दिसलं. पण संध्याकाळी गंगावेशीत कोण कोण असतं ते आठव. कट्ट्यावर म्हशी बांधून ग्लासात धार काढून देणारे, पाटीवाल्या बायका, फुलांचे पुडे बांधणारे. रोज वीस-पन्नास रुपये काकांच्या हातात ठेवणारी ही माणसं. काकांनी तुला एकटीला नाही गं चुकवलं, सगळा रस्ताच चुकवत चाललेत ते. आणि त्याला कारण तुझ्या नवऱ्याचा मेसेज आहे.

पिग्मी ही उडुपीच्या पै मंडळींची कल्पना. त्यांच्या बँकेनं १९२८ साली ती सुरू केली, रोजच्या दोन आण्यांवर. बँकेची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाच्या दारात बँकेनंच जायचं. म्हणून तर ती इतकी रुजली. त्यात माणूस संस्थेवर नाही, दारात येणाऱ्या चेहऱ्यावर विश्वास टाकतो. आबांचा चेहरा लोकांनी फलकावर बघितला, पैसे मोजून दिले ते काकांच्या हातात. आता पैसे मागायलाही लोक काकांचीच कॉलर धरणार.

कपिलतीर्थ मंडईत मी जिच्याकडून भाजी घेते तिनं गेल्या आठवड्यात गल्ल्याखालनं प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत पिग्मीच्या मशीनच्या पावत्या, रबर लावून गठ्ठा केलेल्या. वरच्या दहा-बारा वाचता आल्या. खालच्या पांढऱ्याफटक. त्या कागदावरची अक्षरं उन्हानं उडून जातात, कुणी सांगितलेलं नसतं तिला. “आक्का, ह्यात किती लिवलंय बघा की,” म्हणाली. मी काय बघणार, कपाळ? ती तुमच्याच संस्थेची खातेदार की दुसऱ्या कुठल्या, ते विचारायचंही माझ्यानं झालं नाही. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. तिच्याकडं ते कोरे कागद आणि एजंटाचा शब्द, एवढंच आहे. आणि तो शब्दच तुमच्या घरानं खोटा ठरवलाय.

आता तुझा कंस. चार ओळी हळदी-कुंकवाच्या आणि ही गोष्ट कंसात? व्यवहारातलं कळत नाही म्हणतेस. नोटा मोजायला कळत होतं ना? रोज संध्याकाळी काका रोकड पुढं सरकवायचे, तू मोजायचीस, मशीनमधला आकडा जुळला की स्लिपवर सही-शिक्का करून द्यायचीस. म्हणजे त्या ३ वर्षांपुरता तरी ‘भरणाच केला नाही’ हा मेसेज धादांत खोटा आहे. ते तुला ठाऊक आहे, आणि तू गप्प बसून हळदी-कुंकवाचं रडगाणं गातेस. मला राग आलाय, लपवत नाही.

चॅनेलवाल्यांचाही येतो. ‘मुसक्या आवळल्या’ लिहायला ह्यांना अटक पुरते, कोर्टाच्या निकालाची गरज लागत नाही. पण अटक झाली ही बातमी खरी आहे, आणि फेट्यातला फोटो तुम्हीच पैसे भरून छापायला दिला होता. दाव्याचा नाद सोडायला सांग. वर, चौकशी व्हायच्या आधी गुन्हेगार ठरवल्याची तक्रार तुम्ही कुठल्या तोंडानं करणार? काकांना कोणी ठरवलं?

तेव्हा तू एकच कर. जबाब दे. त्या ३ वर्षांत काकांचा भरणा मी स्वतः घेतला, मोजला, सही केली, एवढंच सांग. ऐकीव एक शब्द नको.

बाईमाणसाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी राहत्या घरी यायचं असतं. पण तुझं राहतं घर म्हणजे आत सासूबाई आणि दारात नवरा. म्हणून आपणहून जा. त्याआधी वकील गाठ, कारण स्लिपेवर सही तुझी आहे आणि उद्या चार प्रश्न तुलाही विचारतील. आबांचा वकील नको, तो आबांचं बघणार. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आबांना त्रास होईल का? होईल की. पैसे आत आले होते म्हटल्यावर पुढं कुठं गेले, ते त्यांना सांगावं लागेल. सांगू देत. त्यांच्या मागं वकील आहे, घर आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही इथंच आलंय, जामिनासाठी मुंबईच्या गाड्या धरायला नकोत. काकांच्या मागं कोण आहे? घरात वादळ होणार हे मला दिसतंय. नवरा बोलायचा बंद होईल, सासूबाई ताट आपटतील. त्यावर माझ्याकडं औषध नाही.

लेकीचं मात्र मनाला लागलं. चार दिवस रिक्षा बंद कर आणि तूच तिला शाळेत सोडून ये, हात धरून, नेहमीच्या रस्त्यानं.

वकिलाकडं जायच्या आधी काकांच्या घरी जा. एकटी जा. दार उघडायला वेळ लावतील, चहा विचारणार नाहीत, तरी बस. भरण्याच्या जुन्या स्लिपा त्यांनी जपून ठेवल्या असणार, असली माणसं कागद टाकत नाहीत. त्या काढायला सांग आणि तुझ्या सहीच्या वेगळ्या कर. ते कदाचित एकेक तारीख वाचून दाखवतील, मध्येच आवाज चढेल, चढू दे. त्यांचं झालं की म्हण, “व्हय काका, मीच मोजले होते.”

— आक्का