एजंट आपल्याला फसवत तर नाहीये ना? (एक केस)

"घर घ्यायचंय, पण एजंटवर विश्वास कसा ठेवायचा?" हा प्रश्न घेऊन लोक फॅमिली काउन्सेलरकडे येतात असं सांगितलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. पण येतात, आणि बरेच येतात, कारण घर बघायला सुरुवात झाली की नवरा-बायकोत जी धुसफूस चालू होते ती फिरत फिरत आमच्याच दारात येते. मागे आलेल्या एका जोडप्याचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दोघं पुण्यातले, तो हिंजवडीला आयटीत, ती कोथरूडला शिक्षिका, तिची आई सोबत राहणार. कोथरूड-कर्वेनगर-वारजे पट्ट्यात रिसेलचा टू बीएचके हवा होता. आल्या आल्या नवऱ्याने फोनच पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटचा मेसेज, "सर आजच टोकन टाका, उद्या दुसरी पार्टी फायनल करतेय." (टोकन म्हणजे सौदा धरून ठेवायचे आगाऊ पैसे.) तो म्हणाला बघा मॅडम, हे असं प्रेशर, सगळे एजंट चोर. ती म्हणाली अरे पण फ्लॅट चांगला होता, तुझ्या या संशयापायी दोन घरं हातची गेली. झालं, तिथेच जुंपली.

मी विचारलं, एजंटला बजेट किती सांगितलंय? तो म्हणाला पंच्याऐंशी लाख. ती म्हणाली मी तर ऐंशी ते नव्वद सांगितलं होतं, थोडं वर गेलं तरी चालेल म्हणून. आणि एजंट एक नाही, चार. एकाला सांगितलेलं "पूर्वमुखी पाहिजे", दुसऱ्याला "दिशेचं काही नाही हो, पार्किंग बघा". त्यातले दोघं तर आता फोनच उचलत नव्हते, म्हणून हे चिडलेले. खरं सांगू, मला तेव्हा एजंटची जरा दया आली. घरातल्या घरात काही ठरलेलं नसलं की रविवारी उन्हातान्हात फ्लॅट दाखवत फिरणारा माणूस आपोआप गुन्हेगार होतो.

मग दोघांना वेगवेगळे कागद दिले. खिशातले किती, महिन्याला हप्ता किती झेपेल, आणि ज्याशिवाय घर घेणारच नाही अशा तीनच गोष्टी, एकमेकांना न विचारता लिहा म्हटलं. पैशाचा आकडा दोघांचा जवळपास सारखाच आला, बचत पंचवीस लाख आणि हप्ता बावन्न-त्रेपन्न हजार, म्हणजे साडेआठ टक्क्याने वीस वर्षांचं साधारण साठ लाखांचं लोन. बेरीज पंच्याऐंशी. पण हे पंच्याऐंशी म्हणजे सगळं मिळून, हे दोघांच्याही डोक्यात नव्हतं. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळं धरून सात टक्के (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे तीस हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी, वर ब्रोकरेज. आणि एवढ्या किमतीच्या घराला लोन देताना बँक स्टॅम्प ड्युटी किमतीत धरत नाही, ते पैसे खिशातूनच जातात. म्हणजे घराची किंमत सत्त्याहत्तर लाखांच्या पुढे जाऊच शकत नव्हती, आणि हे महिनोन् महिने पंच्याऐंशी-नव्वदची घरं बघून "एजंट मुद्दाम महाग दाखवतो" म्हणत होते.

तीन गोष्टींत मात्र मजा झाली. त्याने लिहिलं कव्हर्ड पार्किंग, तिने लिहिलं लिफ्ट आणि आईला चालत जाता येईल असा दवाखाना. पूर्वमुखी कुणाच्याच कागदावर नव्हतं! ते तिच्या सासूबाईंचं होतं म्हणे, गावाहून फोनवर.

आता संशय अगदीच खोटा होता असंही नाही बरं का. एजंटचं पोट कुणाच्या पैशावर चालतंय हे आधी विचारायला हवं, आणि आपल्याकडे ते विचारायला लोक लाजतात. नव्या प्रोजेक्टमध्ये बिल्डर पैसे देतो म्हणून आपल्याला सर्व्हिस "फ्री" असते, तिथे तो बिल्डरचा माणूस आहे एवढं धरून चालायचं, आणि त्याचा महारेराचा, म्हणजे बिल्डर-एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर (एजंटचा नंबर A ने सुरू होतो, प्रोजेक्टचा P ने) त्यांच्या वेबसाइटवर जाऊन बघायचा. तिथे दहा टक्क्यांच्या वर पैसे रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला मागताच येत नाहीत, हेही माहीत असावं. रिसेलमध्ये बऱ्याचदा एकच एजंट दोन्ही पार्ट्यांकडून घेतो. त्यात लपवाछपवी नाही, पण मग आपला शेवटचा आकडा आणि "भाड्याचं घर मार्चमध्ये सोडायचंय हो" ही घाई त्याला सांगायची नाही, कारण सौदा लवकर व्हावा हे त्याच्या फायद्याचं असतं. तो नालायक असतो म्हणून नाही.

ठरलं असं की चारपैकी एकच धरायचा, त्या भागात जुने असलेले एक काका होते, आणि बोलणार फक्त ती, कारण तिला चिडता कमी येतं. तिने फोनवर सरळ सांगितलं, "काका, सत्तर ते पंच्याहत्तरमधलंच दाखवा, लिफ्ट आणि कव्हर्ड पार्किंग नसेल तर न्यायचंच नाही. तुमचं ब्रोकरेज किती ते आज ठरवू. आणि कागद वकिलाने बघितल्याशिवाय टोकन नाही." काका दोन टक्क्यांवर अडले होते, एकावर आले, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं.

मग त्याच काकांचं वेगळंच रूप दिसलं. वारज्यातल्या एका फ्लॅटला त्यांनी स्वतःहून सांगितलं की टेरेसला लीकेज आहे, टॉप फ्लोअर घेऊ नका, खालचा बघू. खालच्या मालकाचं लोन चालू होतं म्हणजे ओरिजिनल कागद बँकेत, तर काकांनी बँकेचं किती बाकी आहे ते पत्र, कागदांची यादी, सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र), भोगवटा पत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची) कॉपी सगळं आणून दिलं. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) या दोघांनी स्वतः ऑनलाइन काढला आणि सर्च रिपोर्ट (आधीची मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) स्वतःच्या वकिलाकडून करून घेतला, एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून नाही, यावर मी अडूनच बसले होते.

टोकनचा मेसेज इथेही आलाच, "आज टाका". तिने उत्तर दिलं की लोन नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये (मालकीहक्कात) अडचण निघाली तर टोकन पूर्ण परत, असं मालकाच्या सहीने द्या, लगेच टाकते. दोन दिवस गेले, कुठलीही दुसरी पार्टी आली नाही, सही आली.

शेवटी चौऱ्याहत्तरला झालं. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून मालकाला द्यायच्या पैशातून एक टक्का टीडीएस (सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, तेसुद्धा काकांनीच मालकाला आधी समजावून ठेवलं होतं, नाहीतर रजिस्ट्रेशनच्या दिवशी तिथेच वाद होतो. रजिस्ट्रेशन झाल्यावर नवरा माझ्याकडे येऊन म्हणतो, मॅडम आता काम झालंय, ब्रोकरेज थोडं कमी करून देऊ का? बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की मला काही बोलावंच लागलं नाही. अर्धं त्या दिवशी चेकने गेलं, उरलेलं चावी मिळाल्यावर, दोन्हीची पावती घेतली. तो अजूनही म्हणतो की दहा-वीस हजार सुटले असते. म्हणू दे.