आर्केड गेमचे रॉम-संच: आधी आवृत्ती, मग फायली

प्रश्न: रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात आर्केड मशीनची नक्कल करणारा ‘मेम २००३’ हा प्रोग्राम वापरतो. पार्लरमधला ‘मुस्तफा’ सुरूच होत नाही. ‘पॅकमन’चंही तेच. मित्राच्या लॅपटॉपवर मात्र याच फायली चालतात. फायली खराब आहेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बहुधा नाहीत, आवृत्ती जुळत नसावी. मेम २००३ ला मेम ०.७८ या आवृत्तीचा रॉम-संच, म्हणजे गेमच्या चिपांमधल्या डेटाच्या प्रती असलेल्या झिप फायली, लागतो; लॅपटॉपवर बरंच नवं मेम असणार. मूळ बोर्डावरच्या चिपांच्या अधिक अचूक प्रती मिळत गेल्या, तशी झिपमध्ये काय हवं याची यादी बदलत गेली. ‘मुस्तफा’चंच बघा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, म्हणून त्याची फाइल ‘डिनो’ नावाची. नव्या मेमला तिच्यासोबत क्यूसाउंड या आवाजाच्या चिपची वेगळी फाइलही लागते, ०.७८ ला ती लागत नाही.

‘पॅकमन’चं दुखणं वेगळं असू शकतं. मेममध्ये मूळ गेम ‘पकमन’, आणि ‘पॅकमन’ त्याचा क्लोन, म्हणजे थोडी वेगळी आवृत्ती. स्प्लिट संचात क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या चिपा असतात, बाकीच्या मूळ झिपमधून घेतल्या जातात. म्हणून दोन्ही झिप शेजारी हव्यात. मर्ज्ड संचात सगळं ‘पकमन’मध्येच असतं. नॉन-मर्ज्डमध्ये प्रत्येक झिप आपल्यापुरती पूर्ण असते. मोजकेच गेम ठेवायचे तर आम्ही नॉन-मर्ज्डच सुचवू. जागा जास्त खातो, पण एक झिप उचलली की काम झालं. निओ-जिओ या आर्केड यंत्रणेचे गेम याला अपवाद, त्यांना ‘निओजिओ’ ही बायोसची (यंत्रणेच्या मूळ सॉफ्टवेअरची) झिप बहुतेकदा वेगळी द्यावी लागते.

जुळवाजुळव विंडोजवर क्लरमेमप्रो या रॉम-संच तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने करा. ०.७८ ची डॅट फाइल (कोणत्या झिपमध्ये काय हवं याची यादी) लोड करा. त्यातल्या रीबिल्डर या संच नव्याने बांधणाऱ्या भागात स्रोत म्हणून जुना फोल्डर, लक्ष्य म्हणून नवा रिकामा फोल्डर द्या आणि नॉन-मर्ज्ड निवडा. स्रोतातल्या फायली काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण नको, नाहीतर लॅपटॉपवरचे गेम बंद पडतील. इथे झिपमधल्या फायली नावावरून नाही, सीआरसीवरून (आतल्या डेटावरून काढलेल्या तपासणी-अंकावरून) ओळखल्या जातात. नंतर स्कॅनर चालवा, उणं काय ते कळेल. जी चिप तुमच्याकडे नाहीच, ती हे सॉफ्टवेअर निर्माण करत नाही.

झिप उघडून ठेवू नका. ‘डिनो’ झिपचं नाव ‘मुस्तफा’ करण्याचा मोह तर अजिबात नको, झिपच्या नावावरूनच मेम गेम ओळखतं.

प्रश्न: ‘किलर इन्स्टिंक्ट’ची सीएचडी फाइल कुठे ठेवू?
– एक वाचक, पणजी

उत्तर: ‘किन्स्ट’ झिपच्या शेजारी ‘किन्स्ट’ नावाचा फोल्डर करा, त्यात. झिपमध्ये कोंबू नका. ही सीएचडी मूळ मशीनमधल्या हार्ड डिस्कची प्रत आहे. सीएचडीचेही प्रकार आहेत: पाचव्या आवृत्तीची फाइल मेम ०.१४६ पासून पुढेच वाचली जाते.