वाचकांचे प्रश्न: सोलापूरची लोकसंख्या मोजताना हद्द कुठली धरायची?

प्रश्न: प्रकल्पासाठी सोलापूर शहराची लोकसंख्या काढली. १९९१ मध्ये ६,०४,२१५, २००१ मध्ये ८,७२,४७८ आणि २०११ मध्ये ९,५१,५५८. म्हणजे पहिल्या दशकात ४४ टक्के वाढ आणि पुढच्या दशकात फक्त ९ टक्के. शहरात असं काय घडलं?
(अकरावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: आकडे बरोबर आहेत, तुलना चुकते आहे. १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली. शहराचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून सुमारे १७८ वर गेलं. बाळे, देगाव, सोरेगाव, शेळगी, मजरेवाडी, कुमठे या भागांची माणसं शहरात मोजली जाऊ लागली. ती कुठेही गेली नव्हती, हद्दीची रेघ त्यांच्या पलीकडे सरकली होती. घनता काढून पाहा: १९९१ ला चौरस किलोमीटरमागे सुमारे १८,३०० माणसं आणि २००१ ला सुमारे ४,९००. त्यावरून गावठाणातली गर्दी ओसरली असं कोणी लिहिलं, तर ते साफ चूक ठरेल.

दुरुस्ती अशी करा. १९९१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार लोकसंख्या असते. हद्दवाढीत आलेल्या प्रत्येक गावाची १९९१ ची लोकसंख्या तिथून घ्या आणि ६,०४,२१५ मध्ये मिळवा. एखादं गाव अर्धंच शहरात आलं असेल, तर तेवढाच भाग धरा आणि तसं टिपेत लिहा. या नव्या बेरजेवर २००१ पर्यंतची वाढ काढा. खरा दर ४४ पेक्षा बराच खाली येईल.

२००१ ते २०११ चे ९ टक्के हा खरा अभ्यासाचा विषय आहे. लोकसंख्याबदल म्हणजे जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. २०११ मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १६.७ आणि मृत्युदर ६.३ होता. नैसर्गिक वाढ हजारी १०.४, म्हणजे दहा वर्षांत चक्रवाढीने सुमारे १०.९ टक्के. हा दर सोलापूरला लावला, तर केवळ जन्म-मृत्यूच्या फरकाने सुमारे ९५ हजार माणसं वाढायला हवी होती. वाढली ७९,०८०. राज्याचा दर शहराला लावल्यामुळे हा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा स्पष्ट दिसते: आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रमागावरची मजुरी तुटपुंजी राहिली आणि शिकलेल्या मुलांनी पुण्याची वाट धरली. ज्या गावाने गिरण्यांच्या काळात तेलंगणातले पद्मशाली विणकर सामावून घेतले, तिथून आता माणसं बाहेर पडतात. याची नोंद प्रकल्पात ठळकपणे करा.

आणि पुढच्या आकड्यांसाठी एक खबरदारी. कुंभारीत विडी कामगारांच्या हजारो घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांचा बाजार आणि दवाखाना सोलापुरात, पण मोजणी दक्षिण सोलापूर तालुक्यात. शहर "थांबलं" असं म्हणण्याआधी हद्दीला लागून असलेली गावं तपासाच.

प्रश्न: आमच्या गावाची लोकसंख्या सात हजारांवर आहे. पाच हजारांवर शहर धरतात ना? मग आम्ही खेडंच कसे?
(ग्रामपंचायत सदस्य, दक्षिण सोलापूर)

उत्तर: पाच हजार ही तीनपैकी एकच अट आहे. जनगणनेत महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत वा कटक मंडळ (कँटोन्मेंट) असलेलं ठिकाण आपोआप शहर ठरतं. बाकीच्या गावांना तिन्ही अटी एकदम पुऱ्या कराव्या लागतात: किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात.

आपल्याकडची गावं बहुधा घनतेवर अडतात, कारण घनता काढताना पांढरीबरोबर (गावठाण) सगळी काळीही (शेतजमीन) धरतात. ७,२०० माणसं आणि २४ चौरस किलोमीटर शिवार असेल, तर घनता ३०० येते. तिसऱ्या अटीत फक्त पुरुष मोजतात आणि "मुख्य" म्हणजे वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम असलेले. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका या कसोटीत येतच नाहीत. आमच्या मते हा निकष सोलापूरसारख्या जिल्ह्यावर अन्याय करतो. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. नगरपंचायत हवी असेल तर तो निर्णय राज्य सरकारचा असतो.

प्रश्न: वस्तीचा आकृतिबंध केंद्रित की विखुरलेला, हे नजरेने ठरवावं की मोजता येतं?
(भूगोल शिक्षिका, सांगोला)

उत्तर: मोजता येतं. १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा घ्या, त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. २० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखलात की १०० चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं. त्यातल्या प्रत्येक वस्तीपासून सर्वांत जवळच्या वस्तीचं अंतर मोजा आणि सरासरी काढा. मग वस्त्यांची संख्या भागिले क्षेत्र, याचं वर्गमूळ घ्या. त्याला सरासरी अंतराने गुणा आणि उत्तराची दुप्पट करा. १६ वस्त्या आणि सरासरी २ किलोमीटर असेल, तर ०.१६ चं वर्गमूळ ०.४, गुणिले २, गुणिले २, म्हणजे १.६. शून्याकडे झुकलं तर पुंजका, १ च्या आसपास यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेली मांडणी, २.१५ म्हणजे पूर्ण समान अंतर.

चुका तीन ठिकाणी होतात. चौकोनाच्या काठावरच्या वस्तीची शेजारीण बाहेर असू शकते. तीही मोजा, नाहीतर अंतर खोटं वाढतं. दुसरं, ३० पेक्षा कमी बिंदू असतील तर निष्कर्ष डळमळीत राहतो. वरचं उदाहरण रीत कळावी म्हणून दिलं आहे, प्रकल्पात क्षेत्र मोठं घ्या. तिसरी चूक सांगोल्यात हमखास होते: बिंदू म्हणून काय धरायचं? फक्त गावठाणं धरली तर एक उत्तर, वाड्या-वस्त्या धरल्या तर अगदी वेगळं. माणदेशात ज्याची विहीर त्याच्या शेतात, म्हणून घरही शेतात. भीमाकाठी काळ्या जमिनीत गाव पुराच्या रेषेच्या वर, उंचवट्यावर एकवटलेलं. दोन्ही प्रकारे मोजून दोन्ही उत्तरं मुलांपुढे ठेवा, फरकाचं कारण मुलंच शोधतील.

प्रश्न: ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मोजणी कुठे होते?
(शिक्षक, बार्शी तालुका)

उत्तर: २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या मुदतीत जो माणूस घरी अजिबात नव्हता, त्याला गावात न धरता तो जिथे सापडला तिथे धरायचं, असा नियम होता. फेब्रुवारीत गाळप चालू असतं. त्यामुळे तोडणाऱ्यांची गावं कागदावर लहान होतात आणि कारखान्यांचे तालुके फुगतात. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे हंगाम पुन्हा तोच. खरा धोका दुहेरी मोजणीपेक्षा सुटण्याचा आहे: गावात म्हातारी सांगते "पोरं फडावर", आणि फडावरच्या (ऊसतोडीच्या शेतावरच्या) कोपीकडे, म्हणजे झोपडीकडे, प्रगणक फिरकत नाही. शाळेकडे स्थलांतरित मुलांची यादी असतेच. ती कुटुंबं कोणत्या कारखान्याच्या फडावर आहेत ते लिहून ठेवा आणि मोजणीच्या आधी तालुक्याच्या जनगणना अधिकाऱ्यांना कळवा.

प्रश्न: महाराष्ट्रात प्रत्येक स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं, तरी लोकसंख्या का वाढते?
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर: पिढी जागच्या जागी राखायला साधारण २.१ लागतात, हे खरं. पण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मुलं कमी झाली तरी आयाच जास्त, म्हणून जन्म मृत्यूंपेक्षा अधिक भरतात. ही पिढी साठीपुढे सरकली की वाढ थांबेल. परीक्षेत याला "लोकसंख्येचा संवेग" म्हणा आणि उत्तरासोबत वयोरचनेचा मनोरा काढा.